फ्रेंच सिनेमाच्या कव्हरात

मामंजी,

नमस्कार नंतर, आधी भांडण.

तुम्ही गेल्यावर आज पुस्तकांचं कपाट आवरलं. शास्त्रीय संगीत आणि फ्रेंच सिनेमा तुमचा, कौटुंबिक कादंबऱ्या सासूबाईंच्या, आणि तुम्ही नाक मुरडायचात त्या भुतांच्या प्रेमकथा माझ्या.

सिनेमाच्या एका जाड कव्हरात माझी कादंबरी निघाली. मेलेली बायको नवऱ्याला भेटायला येते, तीच. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात हरवलेली. घरभर शोधली मी, आणि तुम्ही समोर बसून ढिम्म.

तुमचं चष्मा पुसायचं फडकं शेवटच्या प्रकरणाआधी होतं. ती कायमची परत येते का, हे मला विचारायचंत तरी.

असो. सिनेमाचा शेवट सासूबाई आधीच सांगून टाकायच्या आणि तुम्ही चिडायचात. आता हाही सांगितला असेल, तर त्यांना बोलू नका.

तुमची सून