गच्चीवर वाळवलेला फिल्टर

४ मे २०१६, सकाळी ६
आजपासून रोजनिशी नियमित. पुढे इतिहासाला लागेल.
आमच्या कॉलेजची इलेक्ट्रॉनिक्स शाखा बंद पडायला आली आहे. कपाशी गेली, शेतकऱ्यांकडे फीला पैसा नाही, ॲडमिशन गेल्या. मी घाबरत नाही. मायक्रोवेव्हचा कॅव्हिटी फिल्टर थ्रीडी प्रिंटरवर छापून दाखवणार. प्लास्टिकचा पोकळ डबा, आतून चांदीचा रंग. हवी ती लहर जाऊ देतो, बाकीच्या अडवतो. संस्थेच्या अध्यक्षांनी अकोल्याच्या ऑफिसात पाहिला, की शाखा वाचलीच.

७ मे
प्रिन्सिपॉल म्हणाले, कॉम्प्युटर शाखेला एक जागा आहे, हरिहरराव, घेता का. म्हटलं, आमच्या शाखेच्या उज्मा मॅडमना द्या, ज्युनिअर आहेत बिचाऱ्या. मॅडम म्हणाल्या, सर, एक बार सोच लो. सोचलं. नको.

११ मे
काल कॉलेजात फिल्टर छापला. देखणा आहे. आतला रंग मात्र वाळेना. गच्चीत पत्र्यावर शैलाच्या कुरडया होत्या, तिथेच ठेवला. शैला म्हणे, अवो, प्लास्टिक हाय ते, काहून उन्हात ठेवून राहिले. बायकोला मटेरियल सायन्स कोण शिकवणार.
दुपारी ३. कडक वाळला. किंचित बसल्यासारखा वाटतो. भास असावा. मोजायचं मशीन कॉलेजात, कॉलेजला आजपासून सुट्टी. डिझाइनवर विश्वास पाहिजे.

१६ मे, अकोला
अध्यक्ष होते, पुण्याचा एक इंजिनिअरही होता. त्याने फिल्टर मशीनला लावला. एकही लहर पलीकडे गेली नाही. म्हटलं, अडवायचं काम तर फर्स्ट क्लास करतो. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, मास्तर, हे वाकडं काहून झालं. उन्हानं, म्हटलं. ते म्हणाले, मंग अकोल्यात ऊन नसते का. चहा आला, मला विचारलं नाही.

२० मे
फिल्टर आता ॲल्युमिनियमचा छापायचा. तसा प्रिंटर नागपुरातही नाही म्हणतात. बघू.

१५ जून
शाखा बंदची नोटीस लागली. प्रिन्सिपॉलना म्हटलं, ती कॉम्प्युटरची जागा. म्हणाले, भरली ना, तुम्हीच तर नाव सुचवलं. उज्मा मॅडम लेक्चरला होत्या. दारावरून गेलो, आत पाहिलं नाही. फार वाईट वाटलं.

२२ जून
नोकरी गेल्याचं शैलाला अजून सांगितलेलं नाही. ती सकाळी डबा भरून देते. आजचा बडनेरा स्टेशनवर बाकावर बसून खाल्ला. घरी आल्यावर तिने विचारलं, पोरं आली का यंदा. म्हटलं, आली, वर्गात बसायला जागा नाही.