अक्काचा हौद

३ ऑगस्ट
आणखी दोन ब्लाउज परत आले. बदनापूरच्या बाई म्हणाल्या, कुबट वास येतोय. अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके. मान खाली घालून घेतले.
भिंतीपलीकडे मोठी जाऊ, अक्का. वाटणीनंतर तिनं मधल्या भिंतीला लागूनच हौद बांधला. तो पाझरतो, माझी शिवणाची खोली भिजते. आज परत सांगून आले.
"भरलेला हौद उपसू व्हय? नळ कवा येईल कुणाला ठावं. तू खिडकी उघडत जा."

६ ऑगस्ट
आज कळलं. अक्काच गल्लीत सांगते, सुनंदाकडं कपडा टाकू नका, वास मारतो. हौद तिचा, वास माझ्या नावावर! सोडणार नाही तिला. रागात बाही उलटी जोडली, उसवत बसले.

९ ऑगस्ट
मस्तगडच्या दुकानात गेलो. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढायचं मशीन. दुकानदारानं आधी तांब्याएवढं गोंडस दाखवलं. हे लगेच खूश. विचारलं, दिवसात किती पाणी ओढतं? वाटीभर. वाटीनं माझं काय होणार?
कॉम्प्रेसरवालंच हवं. खोलीच्या मापाचं, टाकी भरली की आपोआप बंद होणारं. आवाज करतं म्हणे. करू दे, पलीकडे अक्काच झोपते. हे म्हणाले, त्यापेक्षा मी दादाशी बोलतो. किती पावसाळे नुसतं बोलूनच राह्यलेत.

१४ ऑगस्ट
मशीन आलं. दार-खिडकी बंद ठेवूनच चालवायचं. अक्काचा सल्ला बराबर उलटा! संध्याकाळी टाकी बादलीत ओतली. तिच्या हौदाचं पाणी, माझ्या बादलीत. दुष्ट आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

२० ऑगस्ट
कापड कोरडं, वास गेला. भिंतीचे पोपडे मात्र पडताहेतच. मशीन हवा सुकवतं, हौद थोडाच बुजवतं?

२४ ऑगस्ट
नळाचा पत्ता नाही. अक्काचा हौद तळाला गेला. कुणीतरी पाणी चोरतं म्हणून तिनं गल्ली डोक्यावर घेतली. मंग दुपारी माझ्याच दारात, रिकामी बादली घेऊन.
"फरशीपुरतं दे गं, सुनंदा."
मशीनचं ओतलं. कुठलं ते सांगितलं नाही.
"लई साफ हाये गं तुझं पाणी."
आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

२६ ऑगस्ट
रोज येते. सगळ्या गल्लीदेखत उभी राहते, मी मुद्दाम सावकाश बाहेर येते. फार बरं वाटतं.
गवंडी भिंत बघून गेला. म्हणाला, "हौद रिकामा हाये तवरच आतून गिलावा करून घ्या. भरला की मंग उन्हाळ्यापतुर बसा. तवर ही भिंत ऱ्हात न्हाई."
हे अक्काला सांगायला हवं. सांगितलं तर ती लगेच करून घेईल, पाणी जातंय ना तिचं. मंग माझ्या दारात कशाला येईल?

२८ ऑगस्ट
उद्या सकाळी नळ येणार, गल्लीत पक्की बातमी आहे. अक्का आली. पाणी घेतलं, वर विचारलं, शिवण कमी झालं का गं तुझं? चेहरा अगदी भोळा.
गवंड्याचं सांगणार होते. नाही सांगितलं.
एकदा म्हणू दे, सुनंदा, माझं चुकलं. लगेच सांगते, गवंडीही बोलावते. सकाळपर्यंत वेळ आहे तिला.
म्हणजे मलाच.