फ्रान्सिसच्या नावाचा घास

१२ सप्टेंबर १९८१, शनिवार

सुटलो एकदाचा! दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या खोलीत आठ माणसं, आठ तऱ्हेची घोरणी आणि एकच पंखा. आज सकाळी जहूरच्या टँकरमध्ये ट्रंक टाकली आणि उत्तरेला निघालो. मदिनत अश शमाल हे शेवटचं गाव मागं पडलं, थोड्या वेळानं डांबरही संपलं, आणि पुढं आमचं पंपस्टेशन आलं. विहिरी, टाकी, पंपघर आणि पत्र्याच्या दोन केबिन. एका अंगाला समुद्र, बाकी तिन्ही अंगांना काही म्हणजे काहीच नाही. मी साखर कारखान्यातला फिटर, पंप दिसला की माहेरी आल्यासारखं वाटतं. हा पंप दमेकरी म्हाताऱ्यासारखा खोकतो, पण महिन्याभरात येईल वळणावर.

सोबतीला एकच माणूस, सुपरवायझर डोनल. पन्नाशीकडं झुकलेला, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला, आयर्लंडचा. मी त्याला इंग्रज म्हणालो तर आधी रागावला, मग हसला आणि चहा टाकला. चहा आपल्यासारखाच, दुधाळ आणि कडक. मला साहेब म्हणायचं नाही, असं त्यानं बजावलं. आता बॉसला नुसत्या नावानं हाक मारायची जीभ मी कुठून आणू? तडजोड म्हणून डोनलसाहेब म्हणतो. तो मला रंगा म्हणतो. रंगनाथ त्याच्या तोंडात मावत नाही.

ही वही अंजनानं दिलीय. पत्रं ती आईला वाचून दाखवते, म्हणून काळजीचं काही असेल तर पत्रात नको, वहीत लिहा म्हणाली. आज तरी काळजीचं काही नाही. खिडकीतून समुद्र दिसतो, बायको, आणि कॉट एकट्याची आहे!

१८ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी. पण पाण्याला कुठली सुट्टी? केबिनसमोरची पाइप फुटली. माती उकरून गंजलेला तुकडा काढला आणि दुसऱ्या लाइननं पाणी चालू केलं. नवा तुकडा दोह्याहून येईल तेव्हा येईल, तोवर चर तसाच उघडा राहणार. माणूस लांबलचक पडेल एवढा आहे.

एक गंमत लिहितो. डोनलसाहेब तिकडं गावाकडं जमीन खणायचं मशीन चालवायचे, हे त्यांनीच मला सांगितलेलं. पण आज फावड्याला हात लावला नाही. मी खणत होतो आणि ते माझ्याकडं पाठ करून बसले. मशीनवाल्याला फावडं जड झालं वाटतं, असं मी चिडवलं. ते हसले नाहीत. एरवी माझ्या पंपाच्या खोकल्यालाही हसतात.

दिवस जातो, संध्याकाळ जाता जात नाही. डोनलसाहेब रेडिओला कान लावून बसतात, त्यांच्या मुलखातल्या तुरुंगात चाललेल्या उपोषणाच्या बातम्या ऐकतात. काल मी पंपाशी मराठीत बोललो. तो खोकला. तेवढंच उत्तर.

२८ सप्टेंबर, सोमवार, सर्वपित्री

बापूंचं श्राद्ध गावी थोरला भाऊ आबासाहेब करतो. मी धाकटा, मला अधिकार नाही. पण एक घास ठेवायला कुणाची हरकत? भात, वरण आणि डब्यातल्या दुधाची खीर केली. केळीचं पान कुठलं इथं, बिस्किटाच्या डब्याची झाकणं घेतली. आई, म्हणजे मुक्ताबाई, नेहमी एक घास जास्तीचा ठेवते. ज्याचं कुणी नाही त्याच्या नावानं. म्हणून मीही दोन ठेवले. उंचवटा म्हणून एकच, चराच्या कडेचा मातीचा ढीग. तिथं ठेवून कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा नाहीच. समुद्रपक्षी लांबूनच बघत होते.

डोनलसाहेब आले, हे काय म्हणून विचारलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की गेलेल्या माणसाचं नाव घेऊन हाक मारायची, तो येऊन जेवतो, मग तृप्त होऊन जातो. त्यांचं कुणी असेल तर सांगा म्हटलं, भात पुष्कळ आहे. त्यांनी ढिगाकडं बघितलं.

“फ्रान्सिस,” ते म्हणाले.

भाऊ का, असं विचारलं तर म्हणाले, शेजारी. आणि केबिनमध्ये गेले. एवढ्या उकाड्यात त्यांनी दार लावून घेतलं. मी तिसरं झाकण भरलं आणि मोठ्यानं हाक मारली, फ्रान्सिस, ये बाबा, जेवून जा. परक्या माणसाला मराठीत बोलावताना माझं मलाच हसू आलं.

२९ सप्टेंबर

दोन झाकणांना मुंग्या लागल्या होत्या. तिसरं चाटूनपुसून लख्ख. आणि त्याच्याभोवती ओली काळी माती.

इथली माती पांढरी, पिठासारखी. ही काळी कुठून आली? पाइप गळत असेल म्हणून चरात उतरलो. चर कोरडा ठणठणीत. पण वास असा होता, उसाला पाणी पाजल्यावर येतो तसा. मी ती माती मुठीत घेऊन बसलो आणि रडलो. लाज कसली? घरची आठवण आली, रडलो.

३ ऑक्टोबर, शनिवार

रोज एक घास ठेवतो आता. पितृपक्ष संपला, आता ठेवू नये हे मला कळतं. पण मी शिजवलेलं कुणीतरी येऊन खातंय, याचंच बरं वाटतं. जहूर रेशन घेऊन आला तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, “लोमड़ी होगी, रंगाभाई. खाना ढककर रखा करो.” असेल कोल्हा. पाइपचा तुकडा अजून आलेला नाही.

आज दुपारी टळटळीत उन्हात ढिगापलीकडं कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसलं. मान खाली, दोन्ही हातांनी घाईघाईनं खात होतं. डोनलसाहेब असतील म्हणून हाक मारणार, तेवढ्यात पंपघरातून त्यांचं शिट्टी वाजवणं ऐकू आलं.

ढिगाशी गेलो तर कुणी नाही. वाळवंटातला कुणी भटक्या बदू वाट चुकून आला असेल, असं मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही.

४ ऑक्टोबर

सकाळी रेडिओवर सांगितलं, त्यांच्याकडच्या तुरुंगातला उपास सुटला. दहा माणसं उपाशी मेली त्यात. मी म्हटलं सुटलं एकदाचं, बरं झालं. डोनलसाहेब उठून बाहेर गेले. माझ्या दाराच्या पायरीवर काळी माती होती. त्यांनी ती उचलली, वास घेतला आणि पायरीवरच बसले.

ही त्यांच्या मुलखातली माती, म्हणाले. दलदलीतली. तिच्या विटा कापून, वाळवून चुलीत घालतात. तिच्यात पुरलेलं कुजत नाही.

मग सगळं सांगितलं. तिकडं त्यांची एक बंदूकवाली संघटना आहे, इंग्रजांना हाकलण्यासाठी. डोनलसाहेब तिचं काम करायचे. फ्रान्सिस त्यांच्या गल्लीतला, घरांना गिलावा करणारा. तो पोलिसांना खबर देतो असा संशय आला. खरा की खोटा, डोनलसाहेबांना आजही माहीत नाही. त्याला पकडून डांबलं, मग दलदलीत नेलं. खड्डा डोनलसाहेबांनी खणला. गोळी दुसऱ्यानं घातली. फ्रान्सिसच्या बायकोला निरोप दिला, की तुझा नवरा दुसरीबरोबर इंग्लंडला पळाला. ती अजून त्याचं ताट झाकून ठेवते. डोनलसाहेबांची बहीण त्याच गल्लीत राहते, ती पत्रातून कळवते.

“मरण्याआधी फ्रान्सिसनं दोन गोष्टी मागितल्या,” ते म्हणाले. “काहीतरी खायला, आणि मी कुठं आहे ते बायकोला सांगा. पहिली तू दिलीस, रंगा.”

मला त्यांचा राग आला. दयाही आली. आणि मी कुणाला जेवायला बोलावलंय ते कळलं.

५ ऑक्टोबर

आज घास ठेवला नाही.

दुपारी माझ्या ताटातला पहिलाच घास तोंडात घातला आणि थुंकला. माती. गार, ओली. बाकीचा भात पांढराशुभ्र. सगळा फेकून दिला.

तो ढिगावर बसलाय. खात नाही. माझ्या दाराकडं तोंड करून बसलाय. चेहरा नीट दिसत नाही, मातीनं भरलाय. ओठ मात्र हलतात.

६ ऑक्टोबर

डोनलसाहेबांशी भांडलो. बॉसशी भांडलो, हे अंजनाला खरं वाटणार नाही. म्हटलं, त्या बाईला दोन ओळी लिहा. नाव घालू नका. ते म्हणाले, ती जागा ठाऊक असलेले मोजकेच आहेत. पत्र गेलं की कुणी लिहिलं ते कळेल आणि बहिणीच्या दारात माणसं येतील. मी म्हटलं, मग मी लिहितो. मला कोण ओळखतं तिकडं?

मग डोळे मिटून त्यांनी जागा सांगितली. गाव, वाट, एकेक खूण. माझ्याकडून घोकून घेतली. शेवटी म्हणाले, आता तू सांभाळ.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा दिसला. माझ्या छातीवर मात्र कुणीतरी धोंडा ठेवला.

संध्याकाळी पत्र लिहायला बसलो तर म्हणाले, आज नको. उद्या. बहिणीला आधी तिथून हलू दे. थांबलो. का थांबलो?

७ ऑक्टोबर, खंडेनवमी

डोनलसाहेब नाहीत.

केबिन उघडी. रेडिओ चालू. बूट चराच्या काठावर, शेजारी शेजारी, नीट ठेवलेले. आणि चर — चर बुजलाय. जमिनीबरोबर, थापून. वरची माती पांढरी, तरी शेजारचा ढीग जवळजवळ तसाच. हातानं उकरली. वीतभर खाली काळी. ओली.

पुढं उकरायचा धीर झाला नाही.

वायरलेसवर ऑफिसला सांगितलं. ते म्हणाले, शनिवारी टँकरबरोबर माणूस पाठवतो. गावाचं पाणी आहे, पंप सोडायचा नाही. इन्शाल्ला सापडेल.

पूजेसाठी हत्यारं काल धुवून ठेवली होती. पाने, हातोडी, फावडं. फावड्याला काळी माती लागलीय. मी हात लावलेला नाही. कुंकू तसंच पुडीत राहिलं.

८ ऑक्टोबर, दसरा

सकाळी दोन घास ठेवले. फ्रान्सिसचा आणि — दुसरं नाव घेताना जीभ वळेना. तरी घेतलं. तेही आता बिनकबरीचेच. उपाशी कसं ठेवू? एवढा चहा पाजलाय त्यांनी मला.

चूक झाली. घ्यायला नको होतं नाव.

दुपार

दोघं आलेत. फ्रान्सिस ढिगावर. डोनलसाहेब माझ्या खिडकीशी. अनवाणी. गुडघ्यापर्यंत काळे.

फ्रान्सिस जेवत नाही. नुसता माझ्या हाताकडं बघतोय. लिही, असंच म्हणत असणार. लिहितोय, बाबा.

डोनलसाहेब म्हणतात — नको. मेल्यावरसुद्धा बहिणीचीच काळजी त्यांना — रंगा, नको.

दार लावलं होतं मी. कडी घातली होती.

अंजना, ही वही तुझ्याकडं आली तर हे पान फाड आणि फ्रान्सिसच्या बायकोला — ती ताट झाकून ठेवते गं — तिला कळू दे, तो पळाला नव्हता. गावाचं नाव वर लिहिलं होतं, त्यावर काळं पाणी पसरलं. पुन्हा लिहितो. आधी खुणा, विसरायच्या आत. गावाबाहेर चुन्याची जुनी भट्टी. तिथून दलदलीकडं गाडीवाट. वाट संपते तिथं डाव्या हाताला एकटं काटेरी झाड —

मनगटावर हात. गार. डोनलसाहेबांचाच —

त्या झाडापासून समोर