डावरीच्या माशा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. हे आशीर्वाद सवयीने लिहिले गेले आहेत, त्यांवर फार विसंबू नकोस. फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळतोस, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. पत्राला मधेच तोडता येत नाही.

आपले दाताचे डॉक्टर, दर हंगामाला मासेमारीसाठी गळाच्या माशा मागवणारे, त्यांनी या वेळचं पाकीट परत पाठवलं आहे, थेट माझ्या पत्त्यावर. सोबत चिठ्ठी, अगदी सभ्य. गळ पाण्यात टाकला आणि माशीचं डोकं सुटलं, पिसं वाहून गेली, दोरीला नुसता उघडा गळ लटकत राहिला, असं लिहितात. वर माझी तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्या माशा मी चष्म्याच्या दुकानात नेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली धरल्या. गळ माझे, पिसं माझी, मेण लावलेला तपकिरी धागाही मीच तुझ्याकडे ठेवलेला. पण धागा उजवीकडून गुंडाळलेला. माझ्या हातून तो तसा जाऊच शकत नाही, हे तुला जन्मापासून माहीत आहे. लहानपणी मला ज्या शब्दाने चिडवायचे, ज्या हातापायी मला जेवताना टेबलाच्या टोकाला बसवायचे, कारण माझं कोपर शेजारच्याला लागतं, तोच शब्द मी आपल्या इंटरनेटवरच्या माशांच्या दुकानाच्या पाटीवर लावला. 'डावरी'. त्या दुकानाच्या पानावर तूच लिहिलंस, प्रत्येक माशी एकाच बाईने डाव्या हाताने बांधलेली. आणि त्याखाली कुणाचा तरी कचरा विकलास.

मासा फसावा म्हणून मी गळावर पिसं बांधून खोटी माशी करते. गिऱ्हाईक फसावं म्हणून नाही. माझं सामान कुणाच्या हाती दिलंस, ते नाव मला उलट टपाली हवं आहे.

आईला नमस्कार सांग. तिला यातलं काही सांगू नकोस, ती म्हणेल आधीच सांगितलं होतं, हे पिसांचे खेळ सोड.

तुझी (तूर्त तरी),
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. टपालवाल्याने ते दोन बोटांत लांब धरून आणलं होतं, त्याला चटका बसत असावा.

कारखाना, दलाल असलं काही डोक्यात आणू नकोस. बांधणारं माणूस आपलंच आहे. नाव मात्र सांगणार नाही, मला तशी सक्त ताकीद आहे. तुझ्याकडून सबंध जानेवारीत एक डबी आली नाही. दुकानात वार्षिक मोजदाद आहे म्हणालीस आणि बसलीस गप्प. इकडे लोक विचारून हैराण करत होते, मी थापा मारून हैराण झालो होतो. समोर बांधून ठेवलेल्या माशा दिसल्या, दिसायला हुबेहूब तुझ्या. उचलल्या आणि पाठवल्या. चुकलं असेल. पण माशाला काय कळतं धागा कुठल्या अंगाने गेलाय? हे वाचताना तू दातओठ खाते आहेस, ते मला इथून दिसतं आहे.

माझ्यावर हवा तेवढा राग काढ. फक्त पानावर काही लिहू नकोस, पासवर्ड तुझ्याकडेही आहे म्हणून सांगतो. आई रोज संध्याकाळी ते पान उघडते आणि गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय ते वाचत बसते. एवढं ऐक.

लोभ आटला असेल तर तळाशी उरलेला पाठवावा.

तुझा,
धाकटा


१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

या वेळी आशीर्वाद नाहीत. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी पानावर सूचना लावली आहे, आणि ते वाचल्यावरही काढलेली नाही. जानेवारीत गेलेल्या माशा आमच्या नाहीत, असं लिहिलं आहे. ज्याने बांधल्या त्याला गळ कुठल्या टोकाला धरतात हेही ठाऊक नाही. कचरा समजून फेकून द्याव्यात, बदली माशा मी स्वतः पाठवीन. वाचू दे आईला. तिची मुलगी खोटा माल विकत नाही, एवढं तरी तिला कळेल.

माशाला कळत नाही म्हणतोस. मला कळतं ना. दिवसभर मी लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू पिळते, तिथे माझं नाव कुणाला माहीत नाही. संध्याकाळी खिडकीपाशी बसून जे करते, तेवढंच माझं आहे. त्यात तू परका हात घातलास आणि वर मला सक्त ताकिदीची गोष्ट सांगतोस.

उरलेलं सगळं सामान पार्सलने परत पाठव. तुझ्याशिवाय विकता येतं का ते मी बघते.

ताई


२० फेब्रुवारी

चि. डावरीस,

अनेक आशीर्वाद. माझे मनापासून आहेत, पण मीही रागावले आहे, तेव्हा दोन्ही एकदम घे.

गळ कुठल्या टोकाला धरतात हे ज्याला ठाऊक नाही, ती मी.

धाकट्याला मीच गप्प बसवलं होतं. मी त्या माशा तुला दाखवायला बांधल्या होत्या, विकायला नाही. त्याने मला न विचारता उचलल्या. माझा माशांचा डबा रिकामा दिसला तेव्हा मी त्याचा कान धरला, आणि त्याच संध्याकाळी तुझी सूचना वाचली. शेजारीणबाईंना मी ते पान कौतुकाने दाखवत असते. त्यांनीही वाचली. तू लहान असताना चुकलीस तर मी घरात बोलले, दार लावून. तू माझा कचरा चव्हाट्यावर मांडलास.

कशी शिकले ते ऐक. तू विकायला पाठवलेल्यांतली एक माशी घेतली आणि दिव्याखाली वेढा वेढा करून सोडवली. मग तशीच परत बांधली. पण शेवटची गाठ कापल्याशिवाय माशी सुटतच नाही. त्यामुळे ती एक गाठ कशी घालतात, ते मला कधी दिसलं नाही. मी शिवणातली घातली. ती पाण्यात सुटते हे मला कोण सांगणार होतं?

आणि धागा. तुझा उलटा गेलेला दिसला. मला वाटलं, हिची जुनीच खोड. बुटाचे बंद उलटे बांधायचीस, मी मागून येऊन सरळ करायची. म्हणून तो धागाही सरळ केला. मला वाटलं मी सुधारते आहे. 'डावरी' हे नुसतं लाडाचं नाव असेल असं समजत होते मी. ती सही आहे, हे तुझ्या शिव्या वाचून कळलं.

सोबत एक माशी आहे. धागा डाव्या अंगाने. हात दुखला. ओढून बघ आणि खरं काय ते लिही.

तुझी,
आई


२६ फेब्रुवारी

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. माशी ओढून पाहिली. डोकं हातात आलं.

धागा मात्र पहिल्या वेढ्यापासून शेवटपर्यंत डावीकडून गेलेला आहे. दुकानात पुन्हा पुन्हा भिंगाखाली पाहिला, गिऱ्हाईक समोर ताटकळत बसलं होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती चीड. तुला माझ्या बाजूने हात वळवता येतो, आई. मग तेव्हा का नाही वळवलास? बुटाच्या बंदांच्या वेळी? हे विचारते आहे, उत्तर नको.

सूचना काढली. कचरा हा शब्द मागे घेते. सुटतात हे मागे घेत नाही, कारण सुटतात. आता तिथे लिहिलं आहे की त्या माशा माझ्या आईने बांधल्या होत्या, गाठ अजून शिकायची आहे. हेही तुला आवडणार नाही. शेजारीणबाईंना खुशाल दाखव.

धाकट्याला सांग, पार्सलं त्याने करावीत, पण डब्याला हात लावायच्या आधी विचारावं. त्याचे आशीर्वाद अजून अडकवून ठेवले आहेत.

शेवटची गाठ पत्रात लिहिता येत नाही. शनिवारी ये. खिडकीपाशी टेबल एकच आहे, दोघींना पुरेल. फक्त टोकाला मी बसणार नाही. तू माझ्या डाव्या हाताला बस. कोपराला कोपर लागेल. लागू दे.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही सांभाळून घेण्यास यावे.

तुझी,
डावरी