पिवळीच्या पिल्लांची खुशाली

धाड,
पोळ्याआधीचा बाजारवार

तीर्थस्वरूप धम्मशीलाताईस, धाकट्या प्रेमानंदाचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि जानेफळच्या घराचं गळकं छप्पर, यांपैकी जे जे पावसानं बिघडलं असेल ते एव्हाना सुधारलं असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही ठीक. फोन केला असता, पण मोतीबिंदूनं तुझ्या भावजयीचे, कलाचे, डोळे जसे मंदावले तसे तिचे कान तीक्ष्ण झालेत. मी गल्लीत जाऊन कुजबुजलो तरी ती स्वयंपाकघरातून उत्तर देते. शिवाय उभी नोकरी मी दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात घालवली (पोस्टमनला स्वतःला कुणी पत्र लिहीत नाही, हे तू मनावर घेशील तर बरं).

तर मासे. निवृत्तीनंतरही मी सवयीनं लोकांच्या दारात जाऊन उभा राहायचो, आणि लोक सवयीनं हात पुढे करायचे. शेवटी मयुरीनं पुण्याहून हुकूम धाडला की बाबांनी घरी बसावं आणि काहीतरी बघत राहावं. बुलढाण्याच्या मासेवाल्यानं मला छोट्या काचपेटीत मावेल अशी बुटक्या माशांची जोडी दिली, बोटाच्या दोन पेरांएवढी. नाव सांगितलं सिक्लिड. एसटीतून घरी येईपर्यंत त्याचं चिखली झालं, आणि आता अख्ख्या धाडात आमचे मासे चिखलीचे आहेत. शेजारच्या पंजाबरावांची सासुरवाडी चिखलीची. ते रोज येऊन पेटीत डोकावतात आणि म्हणतात, "आमच्या चिखलीत इतकं चांगलं काही मी पाह्यलं नाही बे." (यात माशांपेक्षा सासऱ्यांचा संबंध जास्त असावा.)

या माशांना आमच्या बोअरचं जड पाणी सोसत नाही. ते मुळात कुठल्याशा दूरच्या जंगलातले, पानं कुजून चहासारख्या झालेल्या ओढ्यांतले. म्हणून मी पत्र्याखाली पिंप लावून पावसाचं पाणी धरलं आणि देशी बदामाची वाळकी पानं वेचून आणून पेटीत सोडली. कला म्हणाली, "मासोळ्याइले चहा पाजता, मले काऊन नाही पाजत?" तेव्हापासून सकाळचा चहा मी करतो. पण खरं सांगू ताई, त्या तांबूस पाण्यात कोवळं ऊन शिरलं की भिंतीवर मधासारखा उजेड हलत राहतो. त्यातून निळ्या (म्हणजे नर) शेपटी पसरून संथ निघून जातो, आणि मी इतका लांब कुठेतरी पोचलेला असतो की दूध उतू गेलेलं कलाला कळतं, मला नाही.

मग पिवळीनं (म्हणजे मादीनं) पेटीत उपड्या ठेवलेल्या करवंटीत आतून छताला अंडी चिकटवली. अंडी घातली की ही मादी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि साऱ्या जगाशी, मुख्यतः नवऱ्याशी, भांडते. निळ्याला तिनं असा कोपऱ्यात दाबला की मला त्याच्यासाठी मध्ये दगडांचा आडोसा करावा लागला. कलाला एक हलता पिवळा ठिपका तेवढा दिसायचा, तरी ती पाट घेऊन पेटीजवळ बसू लागली. "कशी हाकलते पाहा," असं फार कौतुकानं म्हणायची. पुढे पिल्लं निघाली, धुळीच्या कणांएवढी. पिवळी चालली की मागून धुकं चालल्यासारखी तिच्यामागं जायची. ती मात्र कलाला दिसेनात. (ऑपरेशनचं तर तुला ठाऊकच आहे. विषय काढला की तिला शेतातली कामं आठवतात. आपल्याला शेत नाही.)

एका दुपारी वादळात विजेचा खांब पडला. लाईट गेली आणि पेटीत हवा सोडणारा पंप बंद झाला. पाणी हलतं राहिलं नाही तर पिल्लं गुदमरतील, म्हणून आम्ही दोघं पळीनं पाणी उचलून उचलून हळूच सोडत बसलो. बाहेर पाऊस, घरात फक्त त्या धारेचा आवाज. किती वर्षांनी आम्ही असे बसलो होतो कोण जाणे. मध्येच ती म्हणाली, "पिल्लं खरंच हायेत, का मले फसवून राह्यले?"

"हायेत."

तिनं आणखी एक पळी पाणी सोडलं. मग म्हणाली, "मयुरीचं लेकरू होईन, तवाही मले असंच कोणी सांगत बसन काय?" मी पळी भरत राहिलो. लाईट आली तसा पंप बुडबुडला, आणि ती पाटावरून उठत म्हणाली, "डाक्टरले इचारा, कवा येऊ."

ऑपरेशन पोळ्यानंतर बुलढाण्याला आहे. तिला काही दिवस वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. तू ये आणि तिच्याजवळ राहा. माझा स्वयंपाक तू खाल्लेला आहेस, तेव्हा अधिक लिहीत नाही. भाऊजींना नमस्कार, लहानांना लाड.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. खरं काम पुढेच आहे. ताई, पिल्लं राहिली नाहीत. त्या दिवशी सगळी वाचली, पण दोन सकाळींनंतर पाहतो तर एकही नाही. कुणी खाल्ली का काय झालं, कळलं नाही. कलाला सांगितलं तर ती ऑपरेशन मोडेल, म्हणून मी रोज पेटीसमोर बसून खुशाली सांगतो. आज पोटं भरली, आज जरा लांब गेली. त्यात एक लंगडं आहे आणि एक आगाऊ, आणि कला दोघांची वेगवेगळी चौकशी करते. परवा लंगडं माझ्या स्वप्नात आलं. तर येताना बुलढाण्याला उतर, मासेवाल्याकडून याच जातीची थोडी पिल्लं घे आणि पिशवीत मेथीखाली लपवून आण. तिची पट्टी निघायच्या आत पेटीत काहीतरी पाहिजे.

ता. क. दुसरा. मी लिहिता लिहिता पुटपुटतो, हे मला आज कळलं. पाकीट डकवतच होतो तेवढ्यात कला आतून म्हणाली, "ताईले मासे आणू नका म्हणा." मी म्हणालो, कसले मासे? "पिवळी आता पिवळी दिसत नाही, अन् निळ्याशी गोडीनं राहून राह्यली. लेकरं असती तर एवढी गोड राह्यली असती काय?" मी विचारलं, मग रोज त्या लंगड्याची चौकशी कशाला करत होतीस? तर म्हणाली, "तुमी सांगता तवा बरं वाटते." ऑपरेशनचं विचारायची माझी छाती झाली नाही. पण तिनं दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. वर घडी केलेलं नवं लुगडं आहे. तू लवकर ये.