तेरावं अंडं

टॉर्क्विल,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात वळला नाही.

तुझ्या पुस्तकाला बक्षीस मिळाल्याचं बेटावरच्या दुकानात कळलं. मुखपृष्ठावर माझं चित्र आहे. माझं नाव मात्र आत, बोटवाल्यांच्या आभारात.

पाच उन्हाळे मी कमरेला दोर बांधून कड्यावरून उतरले. गिलेमट पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या खडकावर अंडं घालतो. प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी वेगळी, आणि दरवर्षी तीच. ती मी कागदावर रंगवायची, म्हणजे कोणती मादी परतली ते तुला कळायचं. तुला तर खाली बघितलं तरी भोवळ यायची. दोर धरणारा म्हातारा यूअन म्हणायचा, "इशबेल, पोरी, लोंबकळतेस तू आणि पक्षीतज्ज्ञ कोण, तर वर बसून चहा ढोसणारा!" मी हसायचे. प्रेमात होते ना, मूर्खासारखी.

शेवटच्या उन्हाळ्यात तू म्हणालास, "चित्रं काय, कुणीही काढेल." त्याच दुपारी मी बारा अंड्यांच्या चित्रांत तेरावं, कड्यावर नसलेलंच अंडं मनानं रंगवून घातलं, जांभळ्या रेघांचं.

त्याबद्दल तू पुस्तकात लिहिलंयस, "ही दुर्मीळ नक्षी मी स्वतः दोराला लटकून पाहिली."

हे मी बोलले तर तुझं नाक कापलं जाईल. पण मग माझ्या बारा खऱ्या अंड्यांवर कोण विश्वास ठेवील? म्हणून हे पत्र शेगडीत जातंय. त्या बारा माद्यांसाठी गप्प बसतेय, तुझ्यासाठी नव्हे.

तुझी 'कुणीही',
इशबेल