बाजारातलं टेबल

बाई, काल देवळाली कॅम्पला त्या डॉक्टरसाहेबांकडे जाऊन आले. सुरगाण्याला तालुका आरोग्य अधिकारी होते, ते. आता निवृत्त आहेत, कमी ऐकू येतं. विद्यापीठाने आपल्या संशोधन केंद्राला विचारलं आहे, तुमच्या अभ्यासामुळे सरकारी कामात काही बदललं का? बदललं असेल तर पुरावा द्या. पुरावा नसेल तर केंद्र बंद होईल आणि माझ्या हाताखालची तीन मुलं घरी बसतील. बदललं आहे, हे मला माहीत आहे. मी तिथे होते. पण तुमच्या माघारी तसं लिहून देऊ शकतील असे फक्त ते साहेब.

मी मराठीत एम.ए. करून तुमच्याकडे आले होते, अहवालांची भाषा नीट करायला. पाड्यांवरच्या आया बाळांना लस टोचायला का आणत नाहीत, हा अभ्यास चालू होता. पहिल्याच पानावर मी लिहिलं, ‘लसीकरणाबाबत अनास्था’. तुम्ही चष्मा काढलात. “अनास्था? कुणी तुझ्यापाशी येऊन म्हणालं, मला आस्था नाही म्हणून? कथेत असं लिहिलं असतंस का, माणसाला बोलू न देता?” दुसऱ्या दिवशी मला आठवडी बाजारात घेऊन गेलात. तुम्ही सुकटवालीच्या शेजारी पोतं टाकून बसला आहात. पाड्यांवरच्या सगळ्या आया तिथेच, पोरं कडेवर. सुकटवाली म्हणते, “बाई, नुसतं लिहिता काय? बोंबील घ्या की. कागद काय भाजून खायचा हाय?” तुम्ही बोंबील घेता, मग तिच्या नातीच्या लसीचं विचारता. ती म्हणते, “सिस्टर येती तवा आमी रानात. रोज बुडवून सुईसाठी कोण बसंल?” परतताना जीपभर बोंबलांचा वास. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. पान मी पुन्हा लिहिलं.

मग साहेबांची कचेरी. मला वाटलं होतं, तुम्ही अहवाल पुढे ठेवाल. तुम्ही त्यांची तक्रारच त्यांना परत दिलीत. “साहेब, मागे तुम्ही म्हणाला होतात, बाजाराच्या दिवशी पाडे ओस पडतात. ते काही डोक्यातून जाईना.” साहेब म्हणाले, “हो ना. सगळ्या बाजारात.” पंखा फिरत होता. साहेब पेन वाजवत राहिले आणि एकदम म्हणाले, “मग बाजारातच टेबल मांडलं तर?” तुम्ही म्हणालात, “जमेल का हो?” त्यावर ते तुम्हालाच पटवू लागले! बाहेर आल्यावर मी चिडले. “बाई, हे आपलं आहे. आपल्या अहवालात आहे.” तुम्ही हसलात. “लग्न जमवावं, घोड्यावर आपण बसू नये. वरून नको म्हणून पत्र आलं तर ते आपल्यासाठी भांडतील का? स्वतःच्या कल्पनेसाठी भांडतील.” पुढे तसं पत्र आलं आणि ते भांडले. टेबल अजून मांडतात. आता तालुक्यातल्या सगळ्या बाजारांत.

काल साहेबांनी ओळखलं. काकूंनी चहा ठेवला. मी विषय काढायच्या आधी त्यांनीच काढला. “नोकरीत कामं पुष्कळ केली. लक्षात राहावं असं एकच.” काकू आतून म्हणाल्या, “झालं सुरू. आता बाजार भरणार.” साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पेन वाजवलेलं सांगितलं, पंख्याचं सांगितलं. वरिष्ठांना काय उत्तर दिलं, ते उठून उभं राहून सांगितलं. खोटं एक अक्षर नव्हतं. मग म्हणाले, “तुमच्या बाई तेव्हा समोरच होत्या. चांगली बाई. ऐकून घ्यायची. त्यांच्या त्या अभ्यासाचं पुढे काही झालं का हो?”

मी म्हटलं, “झालं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “नाहीतर असले अभ्यास पडून राहतात.” आणि मी कशासाठी आले होते ते विचारलं. सहज, असं म्हणून मी उठले.

बाई, धोरणावर मोठी पुस्तकं मी पुढे वाचली. त्यांत अहवाल वर जातो, निर्णय खाली येतो. तुमच्यासारखं काम करणारं माणूस मला त्यांत भेटलं नाही. तुम्ही इतकं चोख केलंत, की तुमचा मागमूस कुठेच उरला नाही. आज सकाळी विद्यापीठाला उत्तर पाठवलं. बाजारातल्या टेबलाबद्दल लिहिलं आणि पुढे, ‘लेखी पुरावा नाही.’

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं सांगते. ते तीन शब्द लिहिताना मला अभिमान वाटला. तुमची शिष्या शोभले, असं वाटलं. मग बाहेरच्या खोलीतून त्या तिघांचं हसणं ऐकू आलं. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.